'तेव्हा तशीच पद्धत होती'
एका विसरलेल्या ऑपेराच्या पुनरुज्जीवनाच्या निमित्ताने

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक माझ्या घरी होती. कामकाज संपले, चहा झाला, आणि गटातल्या एका तरुण मैत्रिणीने बरोबर आणलेली तबकडी लावली. 'ताई, एकदा बघाच,' असा तिचा कित्येक दिवस आग्रह चालला होता. ऑपेरा म्हणजे काय ते आमच्यापैकी बऱ्याचजणींना ऐकूनच माहीत. पहिला अंक पाहून उठायचे ठरले होते. प्रत्यक्षात रात्री साडेअकराला सगळा संपला तेव्हाच आम्ही उठलो. गाणे तसेच होते. गळ्याच्या अशा फिरती, असा दमसास आम्ही पूर्वी ऐकला नव्हता.

शेवटी गायकांची नावे पडद्यावर आली. सहा पात्रे, सहा गायक, आणि सहाही पुरुष. राजकन्या पुरुष, तिची मैत्रीणही पुरुष. आमच्यातल्या सगळ्यांत वडील कार्यकर्तीने, घरकामगार बायकांच्या संघटनेत जिचे सारे आयुष्य गेले, सरळ विचारले, 'अगं, एवढ्या मोठ्या युरोपात यांना दोन बाया मिळाल्या नाहीत?' आम्ही हसलो. तरुण मैत्रीण म्हणाली, 'मावशी, तेव्हा तशीच पद्धत होती ना!'

मावशी गप्प बसल्या. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. हे वाक्य आपण किती वेळा ऐकले आहे! सासरी, देवळात, ग्रामसभेत, कोर्टात, युनियनच्या कचेरीतसुद्धा. ते उच्चारले की चर्चा संपते. 'पद्धत' कोणी पाडली, कोणासाठी पाडली आणि आज ती कोणाच्या सोयीची आहे, हे विचारायची मग सोय राहत नाही. म्हणून हा लेख. 'इथे पाण्याचा, मजुरीचा, मारहाणीचा प्रश्न असताना ऑपेरा कसला घेऊन बसलीस?' असे काही मैत्रिणी म्हणतील. त्यांना एवढेच सांगते, की जी युक्ती रेशमी पडद्याआड खपते तीच उघड्यावरही खपते. पडद्याआडची ओळखू आली तर उघड्यावरची ओळखणे सोपे जाईल.

आधी हकीकत.

ऑपेराचे नाव 'आर्तासेर्से'. संगीत लिओनार्दो विंचीचे. हा चित्रकार दा विंची नव्हे. हा नेपल्सच्या एका अनाथ-गरीब मुलांच्या संगीतशाळेत शिकलेला अठराव्या शतकातला संगीतकार. संहिता मेतास्तासिओची, जी पुढे ऐंशीहून अधिक वेळा निरनिराळ्या संगीतकारांनी संगीतबद्ध केली. पहिला प्रयोग ४ फेब्रुवारी १७३० रोजी रोममध्ये झाला. त्याच वर्षी मे महिन्यात विंची वारला. त्याचे ऑपेरा काही दशके गाजले, मग अभिरुची बदलली आणि ते हस्तलिखितांत पडून राहिले. नोव्हेंबर २०१२ मध्ये फ्रान्समधल्या नान्सी शहराच्या ऑपेरागृहाने 'आर्तासेर्से' पुन्हा रंगमंचावर आणला. दिग्दर्शक सिल्विउ पुरकारेते, संगीतसंचालक दिएगो फासोलिस, वाद्यवृंद 'कन्चेर्तो क्योल्न'. फिलिप जारूस्की, मॅक्स इमॅन्युएल चेंचिच, फ्रँको फाजोली, वालेर सबादुश आणि युरी मिनेन्को हे पाच काउंटरटेनर, म्हणजे स्त्रीच्या पट्टीत गाणारे पुरुष गायक, आणि सोबत एक टेनर. ध्वनिमुद्रण निघाले, चित्रमुद्रण निघाले, जगभर कौतुक झाले. आणि त्या कौतुकात सगळ्यांत ठळक गोष्ट कोणती? एका रंगमंचावर पाच काउंटरटेनर!

कथा इराणच्या राजदरबारातली आहे. राजरक्षकांचा प्रमुख आर्ताबानो राजाचा खून करतो आणि रक्ताळलेली तलवार स्वतःच्या मुलाच्या, आर्बाचेच्या, हाती देतो. आळ मुलावर येतो. राजकन्या मांदानेचे या आर्बाचेवर प्रेम आहे. नवा राजा आर्तासेर्से हा त्याचा जिवलग मित्र, आणि आर्बाचेच्या बहिणीवर, सेमिरावर, त्याचे प्रेम. मांदानेने काय करावे? बापाच्या खुनाचा न्याय मागावा की प्रियकराचा जीव? ती न्याय मागते, आणि मागताना आतून तुटत जाते. सेमिराची गोष्ट तर आपल्याला अधिकच ओळखीची. तिचा बाप कटात सामील झालेल्या सेनापतीला मुलगी देऊन टाकतो, निष्ठेची किंमत म्हणून. भाऊ मरणाच्या दारात, प्रियकर राजा झालेला, बाप सौदा करून मोकळा, आणि तिला कोणीही काहीही विचारत नाही.

म्हणजे बघा, या नाटकात दोन बायका आहेत आणि दोघींच्याही वाट्याला बापांनी केलेल्या उलाढालींचे भोग आले आहेत. त्या बोलतात, भांडतात, एकमेकींवर चिडतातही. पण हे बोलणे बाईच्या तोंडून निघू द्यायचे नाही, असा तिथला हुकूम होता.

हो, हुकूम. 'पद्धत' नव्हे. १५८८ साली पोप पाचवे सिक्स्टस यांनी रोममध्ये आणि पोपच्या अंमलाखालच्या प्रदेशात स्त्रियांना रंगमंचावर यायला बंदी केली. मधले काही अपवाद सोडले तर अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच फौजा रोममध्ये शिरेपर्यंत ही बंदी टिकली. चर्चमध्ये बाईने गप्प राहावे ही शिकवण जुनीच होती. ती चर्चच्या दारातून बाहेर आली आणि थिएटरात जाऊन बसली. 'आर्तासेर्से' ज्या थिएटरात झाला त्याचे नाव काय असावे? 'तेआत्रो देल्ले दामे'. म्हणजे 'स्त्रियांचे नाट्यगृह'! बायकांनी सज्जात बसावे, दागिने मिरवावेत, टाळ्या वाजवाव्यात. रंगमंचावर पाय ठेवायचा नाही. आपल्याकडच्या 'महिलांसाठी' भरवलेल्या किती कार्यक्रमांत व्यासपीठावर एकही बाई नसते, ते आठवा.

आता 'तेव्हा तशीच पद्धत होती' या वाक्याची परीक्षा करू. त्याच १७३० सालच्या फेब्रुवारीत, त्याच मेतास्तासिओची तीच संहिता, व्हेनिसमध्ये योहान आडोल्फ हास्से या संगीतकाराच्या संगीतासह रंगमंचावर आली. तिथे आर्बाचेचे काम प्रसिद्ध गायक फारिनेल्लीने केले. आणि मांदाने? ती गायली फ्रांचेस्का कुत्सोनी. बाई. लंडनमध्ये हँडेलचे ऑपेरे गाजवून आलेली, त्या काळातल्या सर्वांत नामवंत गायिकांपैकी एक. म्हणजे एकच महिना, एकच नाटक, एकच भाषा. व्हेनिसमध्ये राजकन्या बाई होती आणि रोममध्ये तेच काम जाचिंतो फोंताना नावाचा पुरुष गायक करत होता. बायकांच्या भूमिका करण्यात त्याचा एवढा हातखंडा, की लोक त्याला 'फार्फाल्लिनो', छोटे फुलपाखरू, म्हणत. तेव्हा 'तो काळच तसा होता' हे म्हणणे खोटे ठरते. काळ दोन्ही शहरांत सारखाच होता. फरक सत्तेचा होता.

याच हुकमाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे, कारण ती आपण विसरतो. चर्चमध्ये बाई गाणार नाही, रोमच्या रंगमंचावर बाई गाणार नाही, पण उंच पट्टीतला आवाज तर हवा. मग तो आणायचा कुठून? लहान मुलांच्या शरीरातून. आवाज फुटण्यापूर्वीच मुलाचे वृषण निकामी करायचे, म्हणजे आवाज बालपणाचा राहतो आणि छाती-फुप्फुसे पुरुषाची होतात. या गायकांना 'कास्त्राती' म्हणत. कायद्याने हे कृत्य गुन्हा होते, चर्चच्या लेखी पाप होते, आणि तरीही खुद्द पोपच्या प्रार्थनागृहातल्या गायकवृंदात हेच गायक होते. यातली फार मोठी संख्या गरीब घरांतल्या मुलांची. एखादा फारिनेल्ली राजदरबारी मानाने राहिला. बाकीचे कुठल्या तरी लहानशा चर्चच्या गायकवृंदात आयुष्य काढत, आणि ज्यांचा आवाज जमलाच नाही त्यांची कोणी नोंद ठेवली नाही. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी चर्चच्या संगीतासाठी नवा आदेश काढला. उंच स्वरांसाठी मुलगेच घ्यावेत, असे त्यात आले आणि कास्त्रातींची प्रथा संपली. पण बायकांना गायकवृंदात घेऊ नये, हेही त्याच आदेशात पुन्हा बजावलेले होते. सुरी थांबली, बंदी चालूच!

पुरुषसत्ता फक्त बाईचे नुकसान करते असे आपण म्हणत नाही, कधी म्हटलेलेही नाही. बाईला गप्प करण्याची किंमत इथे आठ-दहा वर्षांच्या मुलांनी शरीराने चुकवली. 'आर्तासेर्से'चे सुंदर स्वर ऐकताना हे दोन्ही एकत्र ऐकू आले पाहिजेत: जी गायली नाही ती बाई, आणि ज्याला गाण्यासाठी कापले तो मुलगा.

आता २०१२ कडे येते. माझी तक्रार विंचीबद्दल नाही. तो बंदी असलेल्या शहरात काम करत होता. व्हेनिस-नेपल्ससाठी लिहिताना त्याने स्त्री-गायिकांसाठीही लिहिले. माझी तक्रार गायकांच्या गळ्याबद्दलही नाही. चेंचिचने मांदाने गायली ती टवाळी करत नाही, बाईची नक्कल करून हशा मिळवत नाही. ती मन लावून गायली आहे. आर्बाचे, आर्तासेर्से आणि सेनापती मेगाबिसे ही कास्त्रातींसाठी लिहिलेली पुरुषपात्रे काउंटरटेनरनी गावीत, यातही मला काही खटकत नाही. माझा प्रश्न दोन भूमिकांपुरता आहे, मांदाने आणि सेमिरा. ज्या हुकमाने या भूमिका बायकांच्या हातून काढून घेतल्या तो संपून दोनशे वर्षे झाली. मग २०१२ साली, कोणतीही सक्ती नसताना, त्या हुकमाचे पालन का केले? आणि वर ते जाहिरातीचे आकर्षण का केले?

उत्तर मिळते, 'अस्सलपणासाठी. मूळ प्रयोग जसा झाला तसा.'

हा अस्सलपणा तपासून पाहा. मूळ प्रयोगात कास्त्राती गायले. २०१२ साली काउंटरटेनर गायले, जे धडधाकट पुरुष असून कमावलेल्या कृत्रिम उंच स्वरात गातात. तो आवाज वेगळा, त्याची घडण वेगळी. म्हणजे मूळ आवाज मुळात नाहीच. मूळ प्रयोग मेणबत्त्यांच्या उजेडात झाला, हा विजेच्या. २०१२ च्या वाद्यवृंदात बायका आहेत, त्या उत्तम वाजवतात, आणि त्यामुळे अस्सलपणा बिघडला अशी तक्रार कोणी केल्याचे मला माहीत नाही. तेव्हा सुरी वगळली, मेणबत्ती वगळली, वाद्यवृंदातला नियम वगळला. हे सगळे योग्यच केले. पण वगळता वगळता एक गोष्ट मात्र नेमकी जपली: बाई रंगमंचावर येणार नाही. ज्याला अस्सलपणा म्हणतात तो असा वेचक असतो. काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे आजची माणसे आज ठरवतात, आणि जबाबदारी मात्र १७३० वर टाकतात.

आणि हा 'अस्सलपणा' तरी कधीचा? १९२० साली जर्मनीत ग्योटिंगेन इथे हँडेलचा 'रोदेलिंदा' पुन्हा रंगमंचावर आला आणि बरोक ऑपेरांच्या पुनरुज्जीवनाला सुरुवात झाली, तेव्हा कास्त्रातीच्या भूमिका खाली उतरवून जड आवाजाच्या पुरुषांना दिल्या होत्या. नायक म्हणजे भरदार आवाजाचा मर्द, ही त्या काळची समजूत. पुढे त्याच भूमिका स्त्रिया गाऊ लागल्या, मग काउंटरटेनर गाऊ लागले. प्रत्येक पिढीने आपल्या सोयीने जुने नाटक बदलून घेतले आहे. त्यात पाप काहीच नाही. फक्त सोय आहे हे कबूल करावे.

दुसरे उत्तर अधिक चतुर आहे, आणि आपल्याच चळवळीतल्या काही मैत्रिणी ते देतात, म्हणून त्याचा विचार गांभीर्याने केला पाहिजे. त्या म्हणतात, 'पुरुषाने बाईचे काम करणे हे तर बाई-पुरुष असल्या ठाम चौकटी मोडणे झाले. यात मुक्तीच आहे.' मला हे निम्मे मान्य आहे. बाईपण हे जन्मासोबत मिळत नाही, ते शिकवले जाते, हे आपणच ओरडून सांगत आलो. पुरुष रंगमंचावर बाई होतो तेव्हा हे शिकवणे उघडे पडू शकते. पण दार दोन्ही बाजूंनी उघडे असेल तरच त्याला मोकळीक म्हणायचे. एका बाजूचे लोक हवे तिथे जातात आणि दुसऱ्या बाजूच्यांना उंबऱ्यावर थांबवले जाते, त्याला मोकळीक म्हणत नाहीत. त्या काळी व्हित्तोरिया तेसीसारख्या बायका पुरुषांच्या भूमिका गात होत्या. चौकट मोडायचीच होती तर २०१२ साली आर्बाचे बाईला द्यायचा होता! तसे झाले नाही. चौकट मोडली ती एकाच दिशेने, आणि सहाच्या सहा मानधने पुरुषांना मिळाली. हा रोजगाराचाही प्रश्न आहे. विसरलेल्या ऑपेरात स्त्रीभूमिका मुळातच थोड्या. त्याही गेल्या तर गायिकेने गायचे काय?

ग्योटे या थोर जर्मन कवीने १७८८ साली रोमच्या रंगभूमीवर एक लेख लिहिला. पुरुषांनी केलेल्या स्त्रीभूमिका पाहून तो खूश झाला होता. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की इथे प्रत्यक्ष बाई दिसत नाही, बाईचा अभ्यास करून घडवलेली प्रतिकृती दिसते, आणि म्हणून कलेचा आनंद अधिक. हे वाचताना मला एकदम घरचे काही ऐकल्यासारखे वाटले. नारायणराव राजहंसांच्या, म्हणजे बालगंधर्वांच्या, स्त्रीभूमिकांबद्दल आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात हेच म्हटले जात होते: बाईपेक्षा बाई. त्यांची साडी, त्यांचे दागिने, केसांतला गजरा पाहून खऱ्या घरंदाज बायका तसे नेसू-माळू लागल्या. बालगंधर्वांचे गाणे थोर, त्याबद्दल दुमत नाही. माझ्या आईचे ते दैवत होते. पण बाईने कसे दिसावे, लाजावे, रुसावे हे पुरुष रंगमंचावरून शिकवणार आणि बाई प्रेक्षागृहात बसून शिकणार, यातली गंमत आपल्या लक्षात यायला फार वेळ लागला.

आपल्याकडेही 'तेव्हा तशीच पद्धत होती' हे अर्धेच खरे. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती एका पुरुषाने केली. त्याच वर्षीच्या त्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी पडद्यावर आल्या. एकच वर्ष, एकच निर्माता. व्हेनिस आणि रोमची गोष्ट पुन्हा तीच. पुढे हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका रंगभूमीवर आल्या. त्यांना बदनामीचे भय पत्करून यावे लागले. रोममध्ये पोपचा हुकूम होता. इथे 'घरंदाज' आणि 'बाजारू' अशी बायकांची जी जातवार वाटणी होती तिनेच हुकमाचे काम केले. आज आपण जुन्या संगीत नाटकांचे मोठ्या प्रेमाने स्मरण करतो. ते करावे. पण स्मरणात ही वाटणीही आली पाहिजे.

मग काय, 'आर्तासेर्से' करूच नये? असे मी म्हणत नाही. बहिष्कार घालणे सोपे असते, आणि त्याने गाणे तेवढे हरवते. वेगळा मार्ग आहे, आणि तो त्याच मंडळींनी दाखवून दिला आहे. २०१५ साली त्यांनी विंचीच्याच 'कातोने इन उतिका'चे पुन्हा फक्त पुरुषांच्या संचातले ध्वनिमुद्रण बाजारात आणले. पण २०२० साली, जर्मनीतल्या बायरॉइट इथल्या बरोक महोत्सवात, याच चेंचिचने पोर्पोरा या संगीतकाराचा 'कार्लो इल काल्वो' दिग्दर्शित केला. हा ऑपेरा १७३८ साली त्याच रोममध्ये, त्याच 'स्त्रियांच्या नाट्यगृहात' पहिल्यांदा झालेला. बंदीही तीच. २०२० च्या प्रयोगात मात्र जूलिया लेझनेव्हा आणि सुझान जेरोम यांनी स्त्रीभूमिका केल्या. निआन वांग या गायिकेनेही स्त्रीभूमिकाच केली, आणि ब्रूनो द सा या पुरुष गायकाने पुरुषाची. ऑपेरा कोसळला का? नाही. आकाश पडले का? नाही.  तेव्हा 'मूळ प्रयोगात बाई नव्हती म्हणून आताही नाही' हे कारण राहिलेच नाही. करणाऱ्यांच्या मनात असले की होते.

आता 'विसरलेला' या शब्दाबद्दल. ऑपेरे आपोआप विसरले जात नाहीत आणि आपोआप आठवतही नाहीत. कोणाचे आठवायचे, त्यावर पैसा कोणी घालायचा, हे ठरवले जाते. विंचीच्या 'आर्तासेर्से'च्या शंभराहून अधिक वर्षे आधी, ३ फेब्रुवारी १६२५ रोजी, फ्लॉरेन्सजवळ मेदिची घराण्याच्या पोज्जो इम्पेरियाले या वाड्यात 'रुज्जिएरोची आल्चिनाच्या बेटावरून सुटका' हा संगीतप्रयोग झाला. संगीत फ्रांचेस्का काच्चिनीचे. स्त्रीने रचलेला हा उपलब्ध असलेला सर्वांत जुना ऑपेरा. फ्रांचेस्का १५८७ सालची, गायिका, वादक, शिक्षिका. १६१४ पर्यंत ती मेदिची दरबारातली सर्वाधिक पगाराची संगीतकार झाली होती. तिने दरबारासाठी बरेच काम केले. त्यातले बहुतेक हरवले. हा ऑपेरा त्याच वर्षी छापला गेला म्हणून वाचला.

अलीकडच्या काळात तो पुन्हा गायला जातो आहे. अमेरिकेत बोस्टनच्या प्राचीन संगीत महोत्सवाने तो २०१८ साली केला. आनंद आहे. पण इथेही नुसता आनंद पुरे नाही. बाईने लिहिले म्हणजे आपोआप आपले झाले, असे म्हणणे हा आळस आहे. कथा काय आहे? आल्चिना ही जादूगारीण पुरुषांना भुलवून आपल्या बेटावर ठेवते, मन भरले की त्यांची झाडे करून टाकते. मेलिसा ही दुसरी जादूगारीण वृद्ध गुरूचा, म्हणजे पुरुषाचा, वेष घेऊन येते आणि नायकाची कानउघाडणी करून त्याला युद्धावर परत नेते. चांगली बाई आणि वाईट बाई. चांगली ती, जी पुरुषाच्या वेषात बोलते आणि पुरुषाला त्याच्या 'कर्तव्यावर' धाडते. हा प्रयोग करवून घेणारी होती आर्चडचेस मारिया माद्दालेना. नवरा वारल्यावर अल्पवयीन मुलाच्या नावाने ती राज्य चालवत होती. बाईच्या हाती सत्ता नको असे मानणाऱ्या दरबारात तिला आपण 'आल्चिना' नसून 'मेलिसा' आहोत हे दाखवून द्यायचे होते, असा अर्थ लावता येतो. सुझान क्युसिक या संगीत-अभ्यासक बाईंनी २००९ साली फ्रांचेस्कावर मोठा ग्रंथ लिहिला. आल्चिना, मेलिसा आणि पुरुष यांच्यासाठी फ्रांचेस्काने स्वरांचे वेगवेगळे प्रदेश कसे वापरले, याची उकल त्यांनी केली आहे. आल्चिनाला सोडून जाणाऱ्या नायकापुढे तिने जी विनवणी केली तिला फ्रांचेस्काने संगीतात भरपूर जागा दिली. चेटकीण म्हणून तिला दोन ओळींत उरकले नाही. हे ऐकायला शिकले पाहिजे. सत्तेच्या वळचणीला काम करणारी बाई आपल्या कलेत काय सांगू शकली आणि काय गिळून टाकावे लागले, हा प्रश्न चारशे वर्षांचा जुना असला तरी आपल्यातल्या नोकरदार, निवडून आलेल्या, संस्था चालवणाऱ्या मैत्रिणींना परका वाटणार नाही.

आणि हे एकटे नाव नाही. १६९४ साली पॅरिसच्या राजकीय संगीत अकादमीत एलिझाबेथ जाके द ला गेर या बाईंचा ऑपेरा झाला होता. म्हणजे रचणाऱ्या होत्या. मग मधे काय झाले? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात १९०३ साली एथेल स्मिथ या बाईंचा ऑपेरा झाला. त्यानंतर बाईने रचलेला दुसरा ऑपेरा तिथे आला तो २०१६ साली, काइया सारियाहो यांचा. मधे ११३ वर्षे! व्हिएन्नाच्या जगप्रसिद्ध वाद्यवृंदाने बाईला सदस्यत्व दिले ते १९९७ साली, तेही बाहेरून दबाव आल्यावर. तेव्हा कोणताही पोप हुकूम काढायला बसला नव्हता. हुकमाची गरजच उरली नव्हती, 'पद्धत' पुरेशी होती.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. जुने ऑपेरे, जुनी नाटके जरूर परत आणा. पण ज्या कामात बंदीमुळे बाई नव्हती, तिथे ती बंदी पत्रिकेत पहिल्या पानावर, वर्षासकट आणि हुकूम काढणाऱ्याच्या नावासकट छापा. तो त्या कलाकृतीच्या इतिहासाचा भाग आहे, तळटीप नाही. बाईची भूमिका पुरुषाला द्यायची तर त्याच प्रयोगात पुरुषाची भूमिका बाईला द्या, नाहीतर मुक्तीचे नाव घेऊ नका. आणि सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या नाट्यगृहांनी दर विसरलेल्या पुरुषामागे एका विसरलेल्या बाईचे काम शोधून काढावे. ते मिळत नाही म्हणू नका. फ्रांचेस्का छापील स्वरूपात चारशे वर्षे वाट पाहते आहे.

पुढच्या बैठकीत आम्ही फ्रांचेस्का ऐकणार आहोत. तरुण मैत्रीण तबकडी शोधते आहे. तिने परवा फोन केला, म्हणाली, 'ताई, माझे ते वाक्य तुम्ही लेखात घालणार ना? घाला. पण मी ते मागे घेतले, हेही लिहा.' लिहिले. मावशींना हे सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, 'दोन बाया होत्या ना गं मग त्या काळी? बोलावल्या नाहीत, एवढंच.'